स्वस्त फर्निचर ऑनलाइन घ्यावं की दुकानातून? कोकणातल्या घरासाठी खरेदीची पद्धत

२०१९च्या मे महिन्यात मी मोबाइलवरून तीन दारांचं कपाट मागवलं. किंमत ९,४०० रुपये, फोटोत छान अक्रोडी रंग, मधल्या दाराला आरसा. आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, भिंती जांभ्याच्या. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलं. जुलै संपता संपता खालच्या फळीची कड फुगायला लागली. गणपतीच्या आदल्या दिवशी लादी पुसताना तिथे हात लागला, तर वरचा अक्रोडी थर सोलून आला आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा ओला भुसा बोटांना चिकटला. दार तोवर बोटभर खाली उतरलं होतं. आमच्या सुतारकाकांनी एकदाच वाकून बघितलं आणि म्हणाले, "वयनी, ह्यां लाकूड न्हय, भुसो आसा भुसो. पावसात फुगतलोच." विक्रेत्याने कळवलं की ओलाव्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. वॉरंटीच्या कागदावर ते लिहिलेलंही होतं.

त्यानंतर घरातली, लेकीच्या भाड्याच्या खोलीतली आणि नणंदेच्या नव्या ब्लॉकमधली खरेदी मी पाहिली. काही वस्तू ऑनलाइन घेतल्या, काही कणकवली-कुडाळच्या दुकानांतून, काही सुताराकडून करून घेतल्या. आता मला खात्री आहे की "ऑनलाइन की दुकान" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते असं: वस्तू कशाची बनली आहे, पहिल्या पावसाळ्यात तिचं काय होईल, आणि बिघडली तर आपल्या खळ्यात कोण येऊन उभा राहील?

आधी आपली हवा समजून घ्या

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. ऑनलाइन मिळणारं बरंचसं भरीव लाकडाचं फर्निचर राजस्थानात, विशेषतः जोधपूरकडे बनतं. तिथली हवा कोरडी, त्यामुळे लाकडात ओलावा सात-आठ टक्क्यांच्या आसपास राहतो. तेच लाकूड जुलैत आपल्याकडे आलं, हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर, की लाकडातला ओलावा हळूहळू १६ ते १८ टक्क्यांपर्यंत चढतो. दीड फूट रुंद फळी तेवढ्याने पाव इंच सहज रुंदावते. म्हणून ड्रॉवर अडकतात आणि दारं चौकटीत घट्ट बसतात. भरीव लाकडाचं एक बरं असतं: दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ते पुन्हा आवळतं, अडकलेला ड्रॉवर आपोआप सुटतो. तेवढ्यासाठी घाईने रंधा मारून घेऊ नका, उन्हाळ्यात तिथे फट दिसेल.

भुसा आणि डिंक दाबून केलेल्या बोर्डाचं तसं नाही. तो एकदा फुगला की पुन्हा जागेवर येत नाही. स्क्रूची पकडही तिथेच सुटते. माझं कपाट याच कारणाने गेलं.

खारी हवा लोखंडाला खाते. समुद्रापासून किलोमीटर-दोन किलोमीटरच्या आत राहत असाल तर बिजागऱ्या, स्क्रू, सोफ्याच्या आतल्या स्प्रिंगा, पलंगाचे नटबोल्ट यांचा विचार लाकडाइतकाच करा. स्टीलच्या वस्तूवर "स्टेनलेस" लिहिलं म्हणून समाधान मानू नका, ग्रेड विचारा. २०२ ग्रेडवर आपल्याकडे लवकर तांबूस डाग येतात. ३०४ बरं टिकतं, तेही अधूनमधून गोड्या पाण्याने पुसावं लागतं.

वर्णनातले शब्द वाचायला शिका

ऑनलाइन पानावर "मटेरियल" नावाची एक ओळ असते. सगळी किंमत त्या एका ओळीत आहे.

"इंजिनिअर्ड वूड" म्हणजे बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड (भुसा-डिंक दाबून केलेला), कधी एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला). दोन्ही ओलाव्याला नाजूक. "शीशम फिनिश", "टीक फिनिश", "वॉलनट फिनिश" हे फक्त रंगाचं नाव, आत बोर्डच असतो. "सॉलिड वूड" लिहिलं असेल तर कुठलं लाकूड ते शोधा. नुसतं "हार्डवूड" लिहिलं असेल तर विक्रेत्याला प्रश्न टाका आणि त्याच्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

आपल्याकडे "शिसवाचं" म्हणतात ते लाकूड आणि ऑनलाइन विकलं जाणारं "शीशम" यांचं कूळ एक, पण झाड वेगळं. शिसव जास्त काळसर, जास्त जड आणि बरंच महाग. आजीच्या शिसवी पेटीची आठवण ठेवून शीशम मागवलं तर रंग बघून मन खट्टू होईल, तेव्हा हा फरक आधीच लक्षात घ्या. "मँगो वूड" म्हणजे आपलं आंब्याचंच लाकूड. आपण ते खोक्यांना, फळकुटांना वापरतो, कारण त्याला भुंगा लवकर लागतो. नीट वाळवून औषध मारलेलं असेल तर आंबा वाईट नाही, पण ते साग-फणसाच्या भावात घेऊ नका.

प्लायवूडचं नाव दिसलं की ग्रेड विचारा. "एमआर" (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड ओल्या हवेला थोडीफार तोंड देते, पाण्याला नाही. त्याहून वरची "बीडब्ल्यूआर" (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट). या दोन्ही ग्रेड आयएस ३०३ या भारतीय मानकात येतात. मरीन प्लायवर आयएस ७१० छापलेलं असतं. पलंग आणि कपाटासाठी आपल्या हवेत बीडब्ल्यूआरच्या खाली जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वयंपाकघरात मोरीच्या बाजूला डब्ल्यूपीसी (लाकूडभुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला) किंवा पीव्हीसी (प्लास्टिकचा) बोर्ड घेतला तर पाण्याची चिंताच मिटते, पण लांब फळीवर पितळेची भांडी रचली तर तो वाकतो.

स्टीलच्या कपाटात पत्र्याचा गेज विचारा. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ: २० गेज जाड, २२ मध्यम, २४ पातळ. दुकानात तळहाताने दार मध्ये दाबलं की डबक असा आवाज करून आत जातं का ते बघा.

माप घेतल्याशिवाय मोबाइल हातात घेऊ नका

खोलीचं माप सगळे घेतात, वाटेचं कोणी घेत नाही. मुख्य दाराची रुंदी, उंबरठ्यापासून चौकटीच्या वरच्या पट्टीपर्यंतची उंची, जिन्याचं वळण हे सगळं टेपने मोजून लिहून ठेवा. जुन्या घरांत माजघराचं दार बुटकं आणि अरुंद असतं. जोडलेलं कपाट पडवीपर्यंत येतं आणि तिथेच राहतं. जमिनीवर खडूने पलंगाची चौकट आखा आणि त्याभोवती फिरून बघा. कपाटाचं दार पूर्ण उघडेल का, खिडकीखाली येऊन पावसाचे शिंतोडे खाईल का, हे दोन मिनिटांत कळतं.

पलंगाबरोबर गादीचं मापही जुळवा. गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत येतात. नणंदेने ७८ इंची पलंग घेतला आणि घरची ७२ इंची गादी टाकली, तर पायाकडे अर्धा फूट फळी उघडी राहिली. गादी नवी घ्यावी लागली आणि स्वस्त पलंग महागात पडला.

ऑनलाइन घेताना

सगळ्यात आधी पिनकोड टाका. आपल्याकडे मोठ्या वस्तूंची डिलिव्हरी तालुक्याच्या गावापर्यंत मिळते आणि वाडीला मिळत नाही, असं बऱ्याचदा होतं. पिनकोड चालला तरी फोन करून विचारा: गाडी दारापर्यंत येईल की नाक्यावर माल उतरवेल? पाणंदीतून, गडग्यांच्या मधून साठ किलोचा खोका कोण आणणार? ऑर्डरमध्ये "असेंब्ली" दिसते, पण ती आपल्या पिनकोडला आहे का ते वेगळं तपासा. नसेल तर सुताराची मजुरी किंमतीत धरा.

रिव्ह्यू वाचताना पाच तारे सोडून द्या, ते बहुतेक खोका उघडल्याच्या आनंदात दिलेले असतात. एक ते तीन ताऱ्यांचे वाचा, ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा आणि सहा महिन्यांनी परत येऊन लिहिलेला रिव्ह्यू शोधा. मुंबई, गोवा, मंगळूर, केरळ इथल्या माणसाने लिहिलेलं तर नक्की वाचा, त्याची हवा आपल्यासारखी आहे.

मग वॉरंटीच्या अटी वाचा, विशेषतः काय बसत नाही ते. पाणी, ओलावा, वाळवी वगळलेली असेल तर आपल्यासाठी त्या वॉरंटीत फारसं काही उरत नाही. "रिटर्न" आणि "रिप्लेसमेंट" यांतला फरकही बघा. पुष्कळ फर्निचर फक्त तुटलेलं आलं तरच परत घेतात, आवडलं नाही म्हणून नाही.

माल येईल त्या दिवशी घरी कोणीतरी जाणतं माणूस ठेवा. खोक्याचे चारही कोपरे बघा. कोपरा चेपलेला किंवा भिजलेला असेल तर सही करताना पावतीवरच तसं लिहा. खोका फोडण्याआधी व्हिडिओ सुरू करा: आधी पत्त्याचं लेबल, मग टेप कापणं, मग एकेक फळी, शेवटी स्क्रूची पिशवी. तक्रार करायची वेळ आली तर हाच व्हिडिओ कामाला येतो.

जोडणीबद्दल एक महत्त्वाचं. बोर्डाच्या वस्तू ज्या मिनीफिक्सने (फळीच्या आत फिरवून घट्ट करायच्या धातूच्या जोडाने) जोडतात, ते एकदाच नीट बसतं. बॅटरीच्या मशीनने जोर लावून फिरवलं की भुशाचं भोक मोठं होतं आणि पकड कायमची जाते. शेवटचे दोन फेरे हाताने द्या. आणि भाड्याची खोली दर वर्षी बदलणार असाल तर बोर्डाचं कपाट घेऊच नका, दुसऱ्यांदा सोडून जोडलं की ते डुगडुगतं. लेकीसाठी आम्ही लोखंडी चौकटीचं टेबल, घडीची खुर्ची आणि पावडर कोटिंगचा रॅक ऑनलाइन घेतला. तीन खोल्या बदलल्या तरी सगळं शाबूत आहे. अशा वस्तूंसाठी ऑनलाइनसारखी सोय नाही, दुकानापेक्षा स्वस्तही पडतात.

गादीही ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, जर घरी झोपून बघायची मुदत मिळत असेल आणि परत न्यायला ते आपल्या पिनकोडवर येत असतील. फोमची डेन्सिटी विचारा: ३२ किंवा ४० म्हणजे बरं, आकडा सांगायलाच तयार नसतील तर पुढे जा.

दुकानात गेल्यावर

दुकानात वस्तू समोर असते, पण बहुतेक जण ती फक्त पुढून बघतात. तुम्ही मागून आणि खालून बघा. कपाट जरा पुढे ओढायला सांगा. मागचा पत्रा किंवा प्लाय खिळ्यांनी ठोकलाय की स्क्रूने बसवलाय? खालच्या फळीची जमिनीकडची कड पट्टी लावून बंद केली आहे का? दुकानदार दिसणाऱ्या कडांना पट्टी लावतात आणि खालची उघडी सोडतात, आणि ओल नेमकी तिथूनच चढते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, आतल्या कच्च्या भागावरून सामानाचा अंदाज येतो. भुसा दिसला तर बोर्ड, आडवे-उभे थर दिसले तर प्लाय, सलग रेषा फळीच्या टोकापर्यंत गेलेल्या दिसल्या तर लाकूड.

सोफ्याचं एक पुढचं टोक वीतभर उचला. दुसरा पुढचा पाय लगेच उचलला गेला तर सांगाडा घट्ट आहे. तो जमिनीवरच राहिला तर आतली चौकट पिळतेय. खालचं कापड थोडं उसवून आतलं लाकूड दाखवायला सांगा, सच्चा दुकानदार दाखवतो. पॅकिंगच्या खोक्यांची कच्ची फळकुटं आत निघाली तर सोफा कितीही मऊ असला तरी सोडून द्या.

भाव करताना नुसती किंमत कमी करू नका, कामं मागून घ्या: टेम्पो, हमाली, वरच्या मजल्यापर्यंत चढवणं, पहिल्या वर्षात बिजागरी जुळवून देणं. हे सगळं बिलावर लिहून घ्या, लाकडाच्या किंवा प्लायच्या नावासकट. "बिल नको असेल तर कमी करतो" याला बळी पडू नका. लाकडी, लोखंडी, प्लास्टिकच्या फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे, ती रक्कम वाचवण्याचा मोह होतो हे मला माहीत आहे. पण बिल नाही तर पुढे हातात काहीच नाही. ऑर्डर देऊन बनवून घेत असाल तर आगाऊ रक्कम पाव हिश्श्याच्या वर देऊ नका आणि तारीख लिहून घ्या.

वेळही पाळा. श्रावणापासून गणपतीपर्यंत चाकरमानी येणार म्हणून सगळ्यांना एकदमच पलंग-सोफे हवे असतात. दुकानं भरलेली, सुतार मखरात गुंतलेले, भाव चढे आणि पॉलिश ओल्या हवेत नीट वाळत नाही. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत घेतलेली वस्तू स्वस्तही मिळते आणि बघूनही घेता येते.

सुतार आणि बांबू, हे दोन पर्याय विसरू नका

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमची कौलं उडाली आणि दोन खोल्यांत पाणी साचलं. माझं उरलंसुरलं बोर्डाचं कपाट त्या दिवशी संपलं. सासूबाईंचं फणसाचं कपाट पुसून उन्हात ठेवलं, एक बिजागरी बदलली आणि ते आजही वापरात आहे. परड्यात फणस, साग, शिवण पडलेलं किंवा काढायला झालेलं असेल तर सुताराचा पर्याय बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त ठरतो. झाड तोडण्याआधी आणि लाकूड हलवण्याआधी वनखात्याच्या परवानगीची चौकशी करा. चिरून घेतलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचा आणि निदान एक हिवाळा-उन्हाळा जाऊ द्या. ओल्या लाकडाचं काम करायला सुतार तयार झाला तरी तुम्ही थांबा.

जुनी घरं पाडली की सागाच्या तुळया, दारं विकायला येतात. हे लाकूड वर्षानुवर्षं याच हवेत मुरलेलं असतं. घेताना भोकं आणि त्यांखाली साचलेली पिवळसर पूड बघा. ताजी पूड म्हणजे भुंगा अजून आत आहे.

बांबूचं फर्निचर आपण उगाच हलकं समजतो. सिंधुदुर्गातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो. कुडाळला कॉनबॅक ही संस्था २००४पासून बांबूकामाचं प्रशिक्षण आणि उत्पादन करते. तिथे एकदा जाऊन खुर्चीत बसून बघा. बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया झाली आहे का एवढं विचारा, तिच्याशिवाय बांबूला कीड धरते. संपूर्ण बांबू-वेताच्या फर्निचरवर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्यामुळे भावातही फरक पडतो.

किंमत वर्षांवर वाटून बघा

माझं ऑनलाइन कपाट ९,४००चं, जोडणीचे ७००, म्हणजे १०,१००. दोन वर्षं टिकलं: वर्षाला ५,०५० रुपये. त्यानंतर कणकवलीतून घेतलेलं स्टीलचं कपाट १४,५००चं, टेम्पोचे ८००, एकूण १५,३००. पहिल्या चार वर्षांतच तो हिशोब वर्षाला ३,८२५वर आला आणि कपाटाला अजून गंजाचा ठिपका नाही. मांडून बघितलं की दुकानातल्या जास्त किंमतीची भीती वाटत नाही. पलंग, कपाट, सोफा यांसाठी मी आता दुकान किंवा सुतारच बघते.

फसवणूक झाली तर

ऑनलाइन कंपनीने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा, असं २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत लिहिलं त्यापेक्षा वेगळी निघाली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. "सॉलिड वूड" म्हणून बोर्ड आला, तर हाच मुद्दा धरा. दुकानांनाही कायदा लागू आहे: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. तेव्हा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी बघून मागे फिरू नका.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, बरीच प्रकरणं तिथेच सुटतात. नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही.

पहिला पावसाळा

वस्तू घरात आली की मृगाआधी एवढं करा. कपाट, पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, पश्चिमेची भिंत असेल तर वीतभर. पायांखाली रबराची बुचं किंवा ग्रॅनाइटचे तुकडे ठेवा, म्हणजे लादी पुसताना पाणी कडेला लागणार नाही. उघड्या लाकडी कडांना टच वूड (लाकडाचं पॉलिश) किंवा निदान तेलाचा एक हात द्या. बिजागऱ्यांवर मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. कपाटात कपडे कोंबू नका. पावसाची उघडीप मिळाली की दारं तासभर सताड उघडी ठेवा. बुरा दिसला तर कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नाही.

आणि दसऱ्याच्या साफसफाईत बॅटरी घेऊन कपाटाची पाठ, पलंगाच्या खालच्या पट्ट्या, ड्रॉवरच्या मागचा कोपरा बघून घ्या. मातीची बारीक रेघ भिंतीवरून लाकडाकडे आलेली दिसली तर ती वाळवी आहे. ती नुसती पुसून टाकू नका, कुठून येते ते शोधा आणि त्याच दिवशी सुताराला बोलवा.